‘४के’ म्हणजे नेमके किती?

घरी बसून चित्रपट पाहायचा तर डिस्क चांगली की स्ट्रीमिंग, हा वाद निव्वळ तांत्रिक अंगाने पाहिला तर कधीच निकालात निघालेला आहे. किंमत, सोय, उपलब्धता या गोष्टी बाजूला ठेवून फक्त चित्र आणि आवाज तपासले, तर ४के ब्लू-रे डिस्क पुढे आहे, आणि हे मान्य करायला स्ट्रीमिंग कंपन्यांच्या अभियंत्यांचाही विरोध नसावा. पण जिंकलेली डिस्क बाजारातून उठत चालली आहे आणि हरलेले स्ट्रीमिंग घरोघरी पोहोचले आहे. ओप्पोने २०१८ मध्ये डिस्क प्लेयर बनवणे थांबवले, सॅमसंगने २०१९ मध्ये आणि एलजीने २०२४ मध्ये. ज्या नेटफ्लिक्सने टपालाने डीव्हीडी पाठवून धंदा उभा केला, तिनेही ती सेवा सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली. या घडामोडींवर हळहळ व्यक्त करणारे लेखन भरपूर झाले आहे आणि त्यात भर घालण्याचा माझा हेतू नाही. डिस्क गेल्यावर आपल्या हातून तुलनेचे माप जाते, आणि ते माप जाण्याआधी स्ट्रीमिंग सेवांना आपल्या मालाचा कस छापील आकड्यांत जाहीर करायला लावले पाहिजे, असे मला म्हणायचे आहे. मराठी प्रेक्षकाला तर याची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. तिचे कारण पुढे येईलच.

‘४के’ या खुणेतून एकच गोष्ट कळते. पडद्यावर आडवे ३८४० आणि उभे २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके आहेत. त्या ठिपक्यांत माहिती किती भरली आहे, हे त्यातून कळत नाही. सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम), प्रत्येक घटकाला १० बिट आणि रंगाचा तपशील उजेडाच्या तपशिलाच्या पाव पट, हा आजचा घरगुती प्रघात धरला तर न दाबलेल्या चित्राचा ओघ सेकंदाला जवळजवळ ३,००० मेगाबिट भरतो. एवढा ओघ ना डिस्कवर मावतो, ना फायबरच्या तारेतून घरात येतो. म्हणून तो दाबावा लागतो आणि दाबताना बरेच काही टाकून द्यावे लागते. ६६ किंवा १०० जीबीच्या ४के ब्लू-रे डिस्कला चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला शंभराहून अधिक मेगाबिटची मुभा असते, आणि नीट बनवलेल्या डिस्कवर चित्राची सरासरी ५० ते ७० मेगाबिटच्या आसपास राहते. स्ट्रीमिंगमध्ये तोच आकडा साधारण १५ ते २५ च्या दरम्यान असतो; नेटफ्लिक्स तर ४के पाहण्यासाठी १५ मेगाबिटची जोडणी पुरेशी आहे असे आपल्या ग्राहकांना स्वतःच सांगते. दोन तासांचा चित्रपट ६० मेगाबिटने साठवला तर ५४ जीबी जागा लागते, १५ मेगाबिटने साठवला तर साडेतेरा. मूळ माहितीच्या पन्नास वाट्यांपैकी एक वाटा डिस्कवर उरतो आणि दोनशे वाट्यांपैकी एक स्ट्रीमिंगवर. खूण मात्र दोन्हींवर तीच.

दुधाच्या पिशवीवर नुसते ‘अर्धा लिटर’ छापून भागत नाही. फॅट ३.५ की ६, एसएनएफ ८.५ की ९, हेही छापलेले असते, आणि गावच्या डेअरीवर दूध घालणाऱ्याला दर मिळतो तोही याच आकड्यांवर. ‘४के’ हे लिटर आहे. फॅटचा आकडा सहसा कोणी छापत नाही.

डिस्कवर चौपट माहिती आहे म्हणून ती चौपट चांगली दिसते, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. डिस्कवर वापरली जाणारी एचईव्हीसी ही दाबण्याची पद्धत स्ट्रीमिंगमध्येही आहे, आणि स्ट्रीमिंगवाले तिच्या पुढची, अधिक काटकसरी एव्ही१ पद्धतही वापरतात. एखाद्या ॲनिमेशनपटाला थोडे बिट पुरतात आणि एखाद्या युद्धपटाला कितीही दिले तरी कमी पडतात, हे ओळखून प्रत्येक चित्रपटाला, पुढेपुढे तर प्रत्येक दृश्याला, वेगळा दर ठरवण्याचे तंत्र या कंपन्यांनी गेल्या दशकात विकसित केले आहे आणि ते खरोखर कौतुकास्पद आहे. भर दिवसा अंगणात बसून दोन माणसे बोलत असतील, तर ते दृश्य डिस्कवर आणि स्ट्रीमिंगवर शेजारी-शेजारी लावूनही जाणकाराला फरक सांगता येईलच असे नाही. ४३ इंची टीव्ही दहा फुटांवरून पाहणाऱ्याला तर मुळात एचडी आणि ४के यांतलाच फरक दिसत नाही. त्याने या वादात पडण्याचे कारण नाही.

फरक कुठे उघडा पडतो, हे मात्र बोट ठेवून दाखवता येते. कंदिलाच्या उजेडातली एक खोली घ्या. ज्योतीजवळची भिंत पिवळसर आहे, आणि कोपऱ्याकडे जाता जाता तो पिवळेपणा तपकिरी होत शेवटी काळोखात मिसळतो. डिस्कवर हा उतार सलग दिसतो. कमी बिटच्या स्ट्रीमवर त्याच भिंतीवर पायऱ्या पडतात, एकात एक बसवलेल्या कमानींसारखे रंगाचे पट्टे उमटतात, आणि कोपऱ्यातला काळोख स्थिर न राहता चौकोनी तुकड्यांत हलकेच वळवळतो. कारण साधे आहे: बिट अपुरे पडले की दाबणारी यंत्रणा आधी अंधारातला तपशील टाकते, कारण तिथे कोणाचे लक्ष जाणार नाही असे तिचे गणित असते. उजेड असलेल्या शोरूममध्ये ते गणित खरे ठरते आणि दिवे मालवून चित्रपट पाहणाऱ्याच्या घरात खोटे. पाऊस, लाटांचा फेस, धुरळा, उधळलेला गुलाल ही दृश्येही अशीच अवघड असतात. दोन चौकटींतले जे बदलत नाही ते पुन्हा न पाठवणे हा दाबण्याच्या कलेचा पाया आहे, आणि उधळलेल्या गुलालात मागच्या चौकटीतून उसने घेण्यासारखे काहीच नसते.

फिल्मवर चित्रित झालेल्या जुन्या चित्रपटांची गोष्ट आणखी वेगळी आहे. फिल्मचा दाणा हा त्या चित्राचा पोत असतो, पण दाबणाऱ्या यंत्रणेला तो केवळ गोंगाट वाटतो आणि बिट वाचवण्यासाठी ती तो पुसून टाकते. त्याबरोबर चेहऱ्यावरच्या सुरकुत्या आणि सुताची वीणही पुसली जाते. एव्ही१ मध्ये यावर तोड अशी काढली आहे की दाणा आधी काढून टाकायचा, त्याचे वर्णन तेवढे पाठवायचे आणि तुमच्या टीव्हीने त्या वर्णनावरून नवा दाणा तयार करून चित्रावर शिंपडायचा. हे हुशारीचे काम आहे, दिसतेही बरे. फक्त पडद्यावर नाचणारा तो दाणा मूळ फिल्मचा नसतो. डिस्कवाल्यांनीही या बाबतीत फार मान वर करू नये. जुन्या चित्रपटांतला दाणा घासून काढून माणसांना मेणाचे पुतळे करणाऱ्या डिस्क भरपूर निघाल्या आहेत, आणि २०२४ मध्ये एका नामवंत हॉलिवूड दिग्दर्शकाच्या जुन्या थरारपटांच्या ४के डिस्क आल्या, तेव्हा त्यांतल्या यंत्राने ‘सुधारलेल्या’ चेहऱ्यांवरून बराच गदारोळ झाला. डिस्क मोठे भांडे देते. त्यात काय भरायचे ते भरणाऱ्याच्या हाती असते.

आवाजाच्या बाबतीत तफावत आकड्यांत अधिक मोठी आणि प्रत्यक्ष ऐकण्यात अधिक वादग्रस्त आहे. डिस्कवर ट्रू-एचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ या पद्धतींनी साठवलेला आवाज दाबलेला असला तरी उलगडल्यावर मूळ ध्वनिफितीशी बिटन्‌बिट जुळतो. त्यासाठी सेकंदाला काही मेगाबिट खर्च होतात. स्ट्रीमिंगवर डॉल्बी डिजिटल प्लस ही टाकून देणारी पद्धत असते. नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये आपले दर वाढवले, तेव्हा ५.१ साठी (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) जोडणीनुसार १९२ ते ६४० किलोबिट आणि ॲटमॉससाठी (आवाज डोक्यावरूनही आणणारी डॉल्बीची पद्धत) ४४८ ते ७६८ किलोबिट असे आकडे जाहीर केले होते. कंपनीने आकडा आपणहून सांगण्याचे हे दुर्मीळ उदाहरण म्हणून त्याची नोंद घ्यावी.

आता ६४० किलोबिटचा ५.१ आवाज आणि डिस्कवरचा अस्सल आवाज यांतला फरक, डोळ्यांवर पट्टी बांधून आणि दोन्हींची पातळी सारखी करून, बहुतेकांना ओळखता येणार नाही असे माझे स्पष्ट मत आहे. पातळीची अट महत्त्वाची आहे, कारण एकच ध्वनी थोडा मोठा लावला की माणसाला तो अधिक चांगला वाटतो, आणि डिस्क व स्ट्रीमिंग यांची पातळी क्वचितच सारखी असते. ‘डिस्क लावली आणि घर हादरले’ अशा कथांपैकी पुष्कळ कथा या पातळीच्या फरकाच्या असतात. मोठ्या खोलीत, वेगळा रिसीव्हर (आवाज उलगडून स्पीकरांना वाटून देणारे यंत्र), पाच किंवा सात स्पीकर आणि बऱ्यापैकी सबवूफर असेल, तर खर्जाचा भरीवपणा आणि घंटेचा नाद विरत जातानाचा शेवट यांत डिस्क वरचढ ठरते. पण टीव्हीला एका तारेने जोडलेल्या साउंडबारवर हे सगळे व्यर्थ आहे. टीव्हीच्या साध्या एआरसी जोडणीतून ट्रू-एचडी पुढे जातच नाही, त्याला ई-एआरसी लागते किंवा प्लेयर थेट रिसीव्हरला जोडावा लागतो. साउंडबारवर पैसे संपवून मग डिस्क जमवणाऱ्याने आधी खर्चाचा क्रम बदलावा. (संवाद ऐकू येत नाहीत आणि स्फोट कान फाडतात, ही सार्वत्रिक तक्रार या वादातली नाहीच. चित्रपटगृहासाठी केलेले मिश्रण दिवाणखान्यात वाजवले की दोन्ही माध्यमांत तेच होते.)

इथवरचे सगळे विवेचन हॉलिवूडच्या चित्रपटांना लागू पडते. ४के ब्लू-रेला प्रदेशाची कुलपे नाहीत, त्यामुळे अमेरिकेतली किंवा इंग्लंडमधली डिस्क मागवून पुण्यात किंवा पणजीत चालवता येते. मालवाहतूक आणि सीमाशुल्क धरून एकेक डिस्क काही हजारांत जाते, पण हौसेला मोल नसते म्हणून चालून जाते. आपल्या भाषेतला चित्रपट पाहायचा म्हटले की हा सगळा युक्तिवाद लंगडा पडतो. मराठी चित्रपट डिस्कच्या ज्या युगातून गेला ते युगच वेगळे होते, आणि ते नीट आठवल्याशिवाय आपल्याकडे डिस्क का रुजली नाही हे समजत नाही.

भारतातल्या मध्यमवर्गाने पहिली डिस्क पाहिली ती व्हीसीडी. तिच्यावर ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचे चित्र सेकंदाला १.१५ मेगाबिटने साठवलेले असे, आणि एक चित्रपट दोन डिस्कवर मावे, त्यामुळे मध्यंतर कुठे होणार हे कथा नव्हे तर डिस्क ठरवत असे. नाक्यावरच्या सीडी लायब्ररीतून दिवसाच्या भाड्याने आणलेली ती ओरखडलेली तबकडी अडली की काढून बनियनला पुसायची आणि पुन्हा घालायची, हा घरोघरचा विधी होता. मग डीव्हीडी आली. २००७ मध्ये मोझर बेअरने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली आणि चोरट्या प्रतींच्या बाजाराला पहिल्यांदाच खरी टक्कर दिली. हे काम मोठे होते, मराठी चित्रपटही त्या लाटेत खेड्यापाड्यांतल्या स्टेशनरीच्या दुकानांपर्यंत गेले. पण त्या काळातल्या भारतीय डिस्कची प्रत सांभाळण्याची पर्वा फारशी कोणी केली नाही. एका डीव्हीडीवर तीन-तीन चित्रपट कोंबले जात. पडद्याच्या कोपऱ्यात वितरकाचा शिक्का कायमचा कोरलेला असे. रुंद चित्राच्या कडा छाटून ते चौकोनी टीव्हीत बसवलेले असे. ज्या माध्यमाची खरी ताकद प्रत ही होती, ते आपल्याकडे स्वस्ताई म्हणून विकले गेले, आणि स्वस्ताईत त्याला हरवणारे यूट्यूब आल्यावर ते टिकण्याचे कारण उरले नाही. मुंबईत काळा घोड्याजवळचे ऱ्हिदम हाउस हे डिस्क-कॅसेटचे दुकान फेब्रुवारी २०१६ च्या अखेरीस बंद झाले; मोझर बेअरही पुढच्या दोन-तीन वर्षांत दिवाळखोरीतून परिसमापनात गेली.

ब्लू-रेचे पर्व मराठी चित्रपटांच्या वाट्याला जवळपास आलेच नाही. डीव्हीडीवरून ते थेट उपग्रह वाहिन्या, यूट्यूब आणि ओटीटीवर गेले. याचा अर्थ असा की आजच्या मराठी चित्रपटाची घरी मिळू शकणारी सर्वोत्तम प्रत म्हणजे एखाद्या स्ट्रीमिंग सेवेवरची प्रत, आणि ती कशी आहे हे तपासायला तिच्या शेजारी ठेवण्यासारखे काहीही आपल्यापाशी नाही. डिजिटल सिनेमाच्या ठरलेल्या मानकाप्रमाणे चित्रपटगृहात जाणाऱ्या प्रतीला सेकंदाला २५० मेगाबिटपर्यंत मुभा असते, रंग १२ बिटमध्ये असतो आणि आवाज २४ बिटचा, अजिबात न दाबलेला असतो. ध्वनिसंयोजकाने महिनाभर बसून पावसाचा आवाज मागच्या स्पीकरमधून पुढे आणलेला असतो, वाड्याच्या माडीवरची पावले वरच्या बाजूला ठेवलेली असतात. तोच चित्रपट चार-सहा आठवड्यांनी घरी लावावा आणि रिसीव्हरच्या दर्शनी पट्टीकडे पाहावे: इंग्रजी मालिकेला तिथे ‘ॲटमॉस’ उमटते आणि आपल्या चित्रपटाला पुष्कळदा ‘पीसीएम २.०’, म्हणजे साधा दोन वाहिन्यांचा आवाज. निर्मात्याने ५.१ दिले नाही, की सेवेने घेतले नाही, की घेऊन चढवले नाही, हे प्रेक्षकाला कळण्याचा मार्ग नाही. विचारायला जावे तर ग्राहक सेवेचे उत्तर ठरलेले असते: तुमची इंटरनेट जोडणी तपासून पाहा.

जोडणीचा दोष आता फारसा उरलेला नाही. ३० मेगाबिटचे फायबर निमशहरी भागातही चारशे रुपयांच्या घरात मिळते आणि १५ मेगाबिटच्या ४के स्ट्रीमला ते पुरून उरते. अडचण पाठवणाऱ्याच्या बाजूला आहे. बिट साठवायला आणि पाठवायला पैसे पडतात, आणि ग्राहकाला आकडा दिसत नसेल तर तो कमी करण्याचा मोह कोणत्याही व्यापाऱ्याला होईल. तंत्राची अडचण म्हणावी तर सोनीची स्वतःची चित्रपट सेवा तिच्या काही टीव्हींवर ८० मेगाबिटपर्यंत दर देते, म्हणजे ठरवले तर तारेतून डिस्कच्या तोडीचे चित्र पाठवता येते. तिथे तो आकडा जाहिरातीत ठळक छापला जातो, कारण तो मोठा आहे.

आकडा न दिसण्याचे परिणाम काय होतात, याची दोन उदाहरणे पुरेत. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे इंटरनेटवर ताण आला, तेव्हा युरोपातल्या सरकारी विनंतीवरून नेटफ्लिक्सने आपला बिटरेट, म्हणजे सेकंदाला पाठवायच्या बिटचा दर, उतरवून जाळ्यावरचा आपला भार सुमारे २५ टक्क्यांनी कमी केला. ज्यांनी ४के चे पैसे भरले होते त्यांना ४के मिळतच राहील, असेही सांगितले. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी होती, कारण ठिपके तेवढेच राहिले आणि त्यांतला कस उतरला. त्या संकटात हे करणे योग्यच होते. आपल्याकडेही १४ एप्रिल २०२० पर्यंत मोबाइल जाळ्यावर ४८० ओळींपुढे जायचे नाही, असे बड्या सेवांनी मिळून ठरवले होते आणि कोणी कुरकुर केली नाही. मुद्दा एवढाच की चित्र उतरवले हे कंपनीने सांगितले म्हणून कळले, आणि पूर्ववत झाले हेही तिच्याच शब्दावर मानावे लागले. दुसरे उदाहरण इतके निरुपद्रवी नाही. २०२४ च्या सुरुवातीला ॲमेझॉनने अमेरिकेसह काही देशांत प्राइम व्हिडिओवर जाहिराती आणल्या आणि त्या नको असतील तर जादा पैसे मागितले. जाहिरातींसह पाहणाऱ्यांच्या टीव्हीवरून डॉल्बी व्हिजन (चित्रातला उजेड-काळोख खुलवणारी पद्धत) आणि ॲटमॉसही त्याच वेळी नाहीसे झाले, आणि हे उघडकीस आले ते टीव्हीवरची खूण गेल्याचे लोकांच्या लक्षात आल्यावर. विकत घेतलेल्या डिस्कमधला आवाज कोणी मागाहून काढून नेऊ शकत नाही.

यावर उपाय म्हणून नवा कायदा करावा लागणार नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकाच्या हक्कांची जी व्याख्या आहे, तिच्यात वस्तूंबरोबरच सेवांचाही दर्जा, प्रमाण आणि मानक यांची माहिती मिळण्याचा हक्क आधीपासून नोंदलेला आहे. शिवाय २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार प्रत्येक ओटीटी सेवेला प्रत्येक चित्रपटाच्या सुरुवातीला वयोगटाची खूण आणि आशयाचे वर्णन दाखवावेच लागते. ‘यू/ए १३+’ ही पाटी आपण रोज पाहतो. त्याच पाटीखाली आणखी एक ओळ आली तर कोणाचे काय बिघडते? चित्राची सरासरी आणि कमाल बिटरेट, दाबण्याची पद्धत, आवाजाच्या वाहिन्या किती आणि त्यांचा दर किती, एवढी माहिती सेवेच्या यंत्रणेत प्रत्येक चित्रपटासाठी तयार असतेच. डिस्क प्लेयरच्या रिमोटवर ‘डिस्प्ले’चे बटण दाबले की पडद्याच्या कोपऱ्यात आकडा दिसतो, तो दृश्यागणिक ३८, ७१, ५४ असा वरखाली होत राहतो. यूट्यूबवरही सेटिंगमध्ये थोडे खोल शिरले की असे आकडे निघतात. ॲपमध्ये ते सर्वांना सहज सापडतील अशा जागी दाखवायचे, इतकीच मागणी आहे. वातानुकूलन यंत्रावर वर्षाला किती युनिट वीज खर्च होईल हे छापणे सक्तीचे झाले, तेव्हाही लोकांना त्यातले काय कळणार असे म्हटले गेले. आज दुकानात गेलेला माणूस पहिल्यांदा तारे मोजतो.

या मागणीवर एक आक्षेप मला विचारात घेण्यासारखा वाटतो. आकडा सक्तीचा केला तर कंपन्या आकड्यासाठीच बिट फुगवतील, काटकसरी पद्धतीला शिक्षा होईल आणि छोट्या मराठी सेवांवर खर्चाचा बोजा पडेल, असा तो आहे. पहिल्या भागात तथ्य आहे; एव्ही१ चे १५ मेगाबिट जुन्या पद्धतीच्या १५ मेगाबिटपेक्षा अधिक मोलाचे असतात, म्हणून पद्धतीचे नाव आकड्यासोबत छापलेच पाहिजे. छोट्या सेवांचा भाग मात्र पटत नाही. किमान दर्जा ठरवून द्या असे कोणी म्हणत नाही; जे देता ते सांगा, एवढेच म्हणणे आहे. पाच मेगाबिटचे चित्र आणि दोन वाहिन्यांचा आवाज स्वस्तात विकण्याचा हक्क त्यांना आहे, आणि ते घ्यायचे की नाही हे ठरवण्याचा प्रेक्षकाला. राहिला ‘बहुतेकांना फरक कळतच नाही’ हा आक्षेप. नेटफ्लिक्सच्या भारतातल्या योजना २०२१ च्या अखेरीच्या दरकपातीनंतर १४९ रुपयांपासून ६४९ रुपयांपर्यंत आखल्या गेल्या आणि ४के फक्त सर्वांत महागड्या योजनेत ठेवले गेले. फरक कळत नाही असे मानणाऱ्याने फरकाचे पैसे घेऊ नयेत.

डिस्कला यात अजून एक काम उरले आहे. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून जुन्या फिल्म सांभाळते आहे. जानेवारी २००३ मध्ये तिथल्या नायट्रेट फिल्म आगीत गेल्या आणि प्रभातसारख्या कंपन्यांच्या चित्रपटांच्या प्रती त्यांत नष्ट झाल्या, तेव्हा एका प्रतीवर विसंबण्याची किंमत आपण मोजलेली आहे. राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानावर ५९७ कोटी रुपयांची तरतूद झाली, आणि २०२२ मध्ये सुमारे २,२०० चित्रपट ४के मध्ये पुनरुज्जीवित करण्याची घोषणा झाली. त्यांतले काही चित्रपट गोव्याच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात दाखवले जातात, आणि ज्यांना पणजीला जाणे जमते ते पाहतात. हा पैसा सार्वजनिक आहे, त्यामुळे त्यातून तयार झालेल्या प्रती स्ट्रीमिंग सेवांना देताना राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने करारातच बिटरेटची किमान मर्यादा घालावी, आणि त्याच प्रतीची डिस्क थोड्या संख्येने काढून ग्रंथालयांना द्यावी. छापील पुस्तकांची प्रत ठरावीक ग्रंथालयांना देण्याचा कायदा १९५४ पासून आहे. चित्रपटांना तो लागू नाही. एका चित्रपटाच्या हजारभर डिस्क काढण्याचा खर्च त्याच्या पुनरुज्जीवनाच्या खर्चापुढे किरकोळ आहे, आणि एकदा त्या ग्रंथालयांत पोहोचल्या की सेवेवरच्या प्रतीशी त्या कोणालाही ताडून पाहता येतील.

आवाजाची अट तर आणखी सोपी आहे. त्या काळच्या बहुतेक चित्रपटांचा मूळ आवाज एकाच वाहिनीचा आहे. त्याला कृत्रिमपणे पाच स्पीकरांत वाटण्याची गरज नाही, तो जसा आहे तसा द्यावा. ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटचा असा आवाज अजिबात न दाबता पाठवला, तरी सेकंदाला जेमतेम १.१५ मेगाबिट लागतात. व्हीसीडीवर अख्खे चित्र बसवायला एवढेच लागत होते, आणि आजच्या फायबरवर एवढे परवडत नाही असे कोणत्याही सेवेला म्हणता येणार नाही.